बांधी आणि बांदा

उन्हाळा लागला की माझ्या हाताला एक खोड जडते. कुठंही कुंडी दिसली की माझं बोट तिच्या मातीत जातं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, एखाद्याच्या घरी पहिल्यांदाच गेले असले तरीसुद्धा. दोन पेरं आत घालून बघते, ओल आहे की नाही. तेवढ्यात घरची बाई चहा घेऊन येते आणि मी पदराला बोट पुसताना सापडते. भिलाईतल्या आमच्या हुडको वसाहतीतल्या मैत्रिणी आता माझ्यासाठी चहाबरोबर एक फडकंही आणून ठेवतात.

गेल्या आठवड्यात नात ऑर्किड घेऊन आली. पांढरी शुभ्र फुलं, आरपार दिसणारी प्लास्टिकची कुंडी, आणि आत मातीच नाही, नुसते सालीचे तुकडे. मी सवयीनं बोट पुढं केलं तशी ती ओरडली, "आजी, रुको ना! यात बोट नाही घालायचं. हफ्ते में तीन बर्फाचे तुकडे ठेवायचे, बस."

"बर्फ कावून?"

"हळूहळू वितळतो ना. ज्यादा पानी दिया तो जड़ सड़ जाती है. मैंने पढ़ा है."

बिचारीला काय माहीत, मुळं कुजणं या विषयावर तिच्या आजीची सगळी शाळा उभी आहे. पाचवी ते मॅट्रिक, आणि पुढं विज्ञान शिकवत काढलेली नोकरीसुद्धा.

'कावून' हा शब्द माझ्या तोंडातून अजून गेलेला नाही. बाहेर शुद्ध बोलते, हिंदी बोलते, पण कुतूहल वाटलं की 'का' न येता 'कावून'च येतं. लहानपणी मी तो इतक्यांदा म्हणायची, की बाबा मला कावूनबाईच म्हणत. आकाश लाल कावून? रशियन साहेब उन्हात बसते तं कावून? पाट्याशिवाय आपलं घर कावून? शेवटचा प्रश्न विचारला की माय उठून आत जायची.

त्या पाट्याचं सांगायला हवं. आमचं गाव तुमसरकडचं, धानाच्या मुलखातलं. बाबा गावची शेती मोठ्या भावावर सोपवून भिलाईला आले, रशियनांच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्यात, आधी बांधकामावर आणि मग भट्टीवर, जिथं पातळ लोखंड नालीतून वाहतं तिथं. क्वार्टर मिळालं तसं त्यांनी मायला आणि मला आणलं. माय आली, पण तिचा पाटा आला नाही. आमच्याकडे चूल म्हणजे घर नव्हे, चूल तीन दगडांवर कुठंही पेटते. पाटा टेकला की घर. "पाटा मांडला का संसार मांडला," असं मायच म्हणायची. मग भिलाईत ती मिरच्या कशावर वाटायची? परातीत ठेवून लोट्याच्या बुडानं ठेचायची. त्या चटणीत मिरची कमी आणि मायचा राग जास्त असायचा.

"इथल्या बाजारात साजरा पाटा भेटते, आनू का?" बाबा विचारत.

"माहा पाटा गावी हाये," माय म्हणे. विषय संपला.

आज वाटतं, तिचं काही चुकत नव्हतं. सगळीकडे मुरूम, लाल धूळ, अर्धवट उभ्या भिंती. धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत गुलाबी व्हायचं. शेजारी एकीकडे मल्याळी, दुसरीकडे पंजाबी, दोघीही प्रेमळ, पण बोलायचं हातवाऱ्यांनी. गावी ती पहाटेपासून शेतात असायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. तिच्यात पाय बुडवला की किती पाणी आहे, कुठून झिरपतंय, हे तिच्या घोट्याला कळायचं. लोक तिला मुद्दाम बोलवून न्यायचे. इथं तिच्या घोट्याला विचारणारं कोणी नव्हतं.

मी नुकतीच चौथीची परीक्षा दिली होती. चैत्र सरत आला होता आणि भट्टीची धग शहराला पुरत नाही म्हणून की काय, वरूनही आग पडत होती. एका दुपारी बाबा पाळी संपवून सायकलवरून आले ते हातात एक लाकडाचा तुकडा घेऊन. बांधकामाच्या पाडासाठी, म्हणजे परांचीसाठी, जंगलातून लाकडी बल्ल्या यायच्या, सालासकट. तशा एका बल्लीच्या तुटक्या टोकाला एक रोप चिकटलेलं होतं. जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली पानं आणि लाकडाला मिठी मारून बसलेली पांढरी मुळं, सुतळीएवढी जाड.

"बांदा हाये म्हनते हा. जंगलात झाडावर रायते. फूल लय साजरं येते म्हनते."

"बांडगूळ आनलं घरात," माय म्हणाली. "इथी तुळस जगून नाई राहिली, आन् हे जगते का?"

"जगंल."

"काईच जगत नाई इथी." मग ती जे बोलली ते बहुतेक कितीतरी दिवस तिच्या तोंडात घोळत असावं. "हे जगलं तं मी राईन. मेलं तं आखाडीले पोरीले घेऊन गावाले जाईन, आन् वापस येनार नाई."

बाबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "कबूल."

मला कोणी विचारलं नाही. गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी तीन कोस चालावं लागायचं आणि आमच्याकडच्या मुली तेवढं चालत नसत. त्या नवरा-बायकोनं आपसात पैज लावली आणि माझी पाचवी त्या रोपाच्या मुळांना टांगली. मी त्या दिवशी रडले नाही, पण जेवले पण नाही.

आता पुढचं ऐका, कारण ते मला इतक्या वर्षांनंतरही पुरतं उलगडलेलं नाही. पैज मायनं लावली होती, रोप मेलं तर जिंकणार होती माय, आणि तरी त्याची सगळी देखभाल तीच करायला लागली. रोप लाकडापासून अलगद सोडवलं. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घासून घेतला. कुठून तरी काळी माती मिळवली, मुळं नीट आत दाबून बसवली आणि वर लोटाभर पाणी घातलं. डब्याला भोक पाडायचं तिच्या मनातही आलं नाही. भोकाचा डबा म्हणजे फुटका डबा, तो घरात ठेवत नाहीत. आणि पाणी अडवायचं असतं, सोडायचं नसतं, हे तर ती चालायला लागल्यापासून शिकली होती.

त्यात घरात नळ. मरोद्याच्या तलावाचं पाणी नळानं यायचं, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ. ज्या बाईनं जन्मभर डोक्यावरून पाणी आणलं, तिला नळाची चकली फिरवून पाणी मिळतं याची लाज वाटत असावी. पहिली धार ती स्वतः कधी वापरायची नाही. ती बांद्याला जायची. संध्याकाळची पहिली धारसुद्धा. आम्ही ओलं फडकं डोक्यावर घेऊन दुपार काढत होतो, मल्याळी शेजारीण माठाला मिठी मारून बसायची, आणि त्या क्वार्टरभर एकटा बांदा तेवढा पोटभर पीत होता.

पंधरा दिवसांनी खालचं एक पान पिवळं पडलं. धान पिवळं पडलं की माय पहिल्यांदा पाणी बघायची. तिनं पाणी वाढवलं. दुसरं पान पिवळं पडलं. तिनं दुपारचाही एक लोटा सुरू केला. मग बुडाशी हात लावला तर मऊ लागायला लागलं, आणि डब्याजवळ गेलं की पोळ्यानंतरच्या शेतासारखा वास यायचा, काहीतरी आत कुजतंय असा. मी रोज शाळेची जुनी पाटी मांडीवर घेऊन त्या डब्याकडे बघायची आणि मनात पाचवीच्या पुस्तकांची नावं घ्यायची. मला वाटायचं, माय मुद्दाम करते. आणि लगेच वाटायचं, नाही, मुद्दाम करणारं माणूस पाणी घालताना असं हळू बोलत नाही. ती पानांशी बोलायची. "पे ना बाप्पा, पे."

समोर क्वार्टरांची नवी रांग बांधणं चाललं होतं. तिथं विटा-गारा वाहणाऱ्या बायका होत्या, त्यांना रेजा म्हणत. त्यातली सुकवारो नावाची एक उंच, काळीसावळी बाई दुपारच्या सुट्टीत आमच्याकडे पाणी प्यायला यायची. तिची छत्तीसगढी आणि मायची मराठी एकमेकींना बऱ्यापैकी समजायच्या. त्या दुपारी तिनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि तिची नजर डब्यावर गेली.

"अई! बांदा ला माटी मा काबर गड़ियाए हस, दीदी?"

माझे कान टवकारले. काबर. म्हणजे कावून. बांदा मातीत कावून गाडला, असं ती विचारत होती. हिच्याकडेही तो प्रश्न होता तर!

"मंग कुठी लावाचा?" माय म्हणाली.

"एकर जर हवा पीथे. तैं एला बुड़ो के मारत हस."

याची मुळं हवा पितात, तू त्याला बुडवून मारते आहेस. मायचा हात लोट्यावर तसाच राहिला. बुडवून मारणं म्हणजे काय, हे धानाच्या बाईला सांगावं लागत नाही. अतिपावसात बांध फोडला नाही तर रोप कसं सडतं, ते तिनं पाहिलेलं होतं. पण हे रोप तिनं स्वतःच्या हातानं, पहिल्या धारेनं बुडवलं होतं.

सुकवारोनं डबा उलटा केला. मातीचा काळा गोळा बाहेर आला, पाणी ठिबकत. मुळं तपकिरी झाली होती. मायनं एक मूळ चिमटीत धरलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. दुसरं तसंच. तिसरं तसंच. सगळ्यात वरची दोनच मुळं टणक होती, मातीच्या बाहेर राहिलेली, म्हणजे मायच्या मायेतून सुटलेली.

सुकवारो म्हणाली, मऊ तेवढं कापून टाक, हळद लाव, दोन दिवस पाणी दाखवू नको, मग लाकडावर बांध. आणि भोंगा झाला तशी ती कामावर निघून गेली.

आम्ही दोघीच उरलो. माय पायरीवर बसून होती, मांडीवर ते रोप. मी भिंतीला टेकून उभी. मला एक गोष्ट लख्ख कळत होती, जिंकायला तिला आता काहीसुद्धा करावं लागणार नव्हतं. डबा तसाच भरून ठेवायचा. झालं. चार दिवसांत पैज संपली असती, आखाडीला गाव, तिची बांधी, तिचा पाटा. पाप तिच्या माथी कोणी मारलं नसतं, कारण ती तर पाणीच घालत होती.

शेवटी तिनं रोप पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "इंदू, कैची आन. आन् सिगडीवर पाते गरम कर."

कित्येक वर्षांनी, ती म्हातारी झाल्यावर, मी तिला विचारलं होतं, "माय, तवा कावून वाचवला बांदा? मरू दिला असता तं जिंकली असती." ती कानात कापूस घालत होती. म्हणाली, "झाड मारून गावाले जाऊ का?" आणि थोड्या वेळानं, "मी काई वाचवला नाई. पानी घालाचं थांबवलं फक्त."

पण थांबवणं तिला फार जड गेलं. हळद लावून रोप सावलीत उलटं टांगलं होतं आणि बाहेर झळा चालल्या होत्या. ती दर तासाला उठायची, लोट्याला हात लावायची, परत बसायची. "तहानेल्याले पानी नाई द्याचं, हे कोन्या धरमात बसते?" मला पहाऱ्यावर बसवलं होतं. माझ्या आयुष्यातली मी केलेली पहिली परीक्षा-देखरेख ती, आणि विद्यार्थिनी माझी आई.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना सगळं सांगितलं. ते हात धुता धुता थांबले आणि हसायलाच लागले.

"हा तं लेडलचा कायदा झाला!"

लेडल म्हणजे पातळ लोखंड घ्यायचं भलंमोठं भांडं. बाबांनी जमिनीवर बोटानं काढून दाखवलं. "वल्या लेडलात कोनी लोहा घेत नाई. थेंबभर पानी राहिलं तरी वरचा लोहा उसळते. म्हनून पह्यले आग लावून सुकवते. आन् सुकला का नाई हे पाहाचं. घंटे नाई मोजाचे."

"मंग इतके दिवस कावून नाई बोलले तुमी?" माय म्हणाली.

"मले काय मालूम, झाडाले बी लेडलचा कायदा लागते म्हनून!"

मायनं बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, असं मला वाटलं. भट्टीवर काय करतात हे तिनं तोवर कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. नाली कशी असते, वाळू कशी वाळवतात, पाय कसे ठेवायचे. धानाच्या शेतात वाढलेला माणूस पाण्याला इतकं भिऊन कसं काम करतो, याचं तिला नवल वाटत होतं. बाबाही खुलून सांगत होते. मी मध्ये मध्ये कावून म्हणत होते आणि कोणी रागावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बांदा परत बांधला. तोच बल्लीचा तुकडा चूल पेटवायला मागं टाकलेला होता, तो सापडला. लुगड्याच्या जुन्या काठानं रोप त्यावर बांधलं आणि तुकडा व्हरांड्याच्या खुंटीला टांगला. आणि मग मला माझ्या जन्मातला पहिला शोध लागला. मूळ कोरडं असलं की पांढरं दिसतं. पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. मी ते दिवसातून दहादा बघायची. पांढरं म्हणजे तहान, हिरवं म्हणजे पोट भरलेलं. घड्याळ नको, हफ्ता नको, कोणाला विचारायला नको. झाड स्वतःच सांगत होतं आणि आम्ही महिनाभर त्याचं तोंड मातीत दाबून ठेवलं होतं.

सकाळी पाणी घालायचं, मुळांवरून भरपूर, खाली धार लागेपर्यंत. पानांच्या बेचक्यात साचलं तर फुंकर मारून काढायचं. मग परत पांढरं होईस्तोवर हात लावायचा नाही. आणि गंमत अशी, की जेठाच्या झळांत ते रोजच पांढरं व्हायचं, कधी दिवसातून दोनदा. म्हणजे आम्ही आता जवळजवळ पूर्वीइतकंच पाणी घालत होतो! तेच पाणी, तोच लोटा, तीच पहिली धार. फरक इतकाच, की ते थांबत नव्हतं. मुळं कुजली ती पाण्यानं नाही, साचलेल्या पाण्यानं. मायला हे कळलं तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "बांधीत पानी अडवाचं, बांद्याचं जाऊ द्याचं." एका अक्षराचा फरक, आणि तिनं तो महिनाभर मोजला नव्हता. पुढं शाळेत मुळांचा धडा शिकवताना मी हेच वाक्य सांगायची. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

बांडगूळ म्हणणंही चूकच होतं. बांडगूळ दुसऱ्याच्या झाडातून रस ओढतं. हा बांदा फक्त बसायला जागा मागतो, बाकी ऊन, वारा, पाऊस त्याचा तो बघतो. फूल म्हणाल तर दोन वर्षांनी आलं. तपकिरी, चौकडीचं, मधोमध जांभळी जीभ, आणि वास मात्र अंगणभर. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं!" पण मल्याळी आणि पंजाबी, दोन्ही शेजारणींना हाताला धरून तिनंच आणलं.

जेठ संपता संपता एका सकाळी कापलेल्या मुळाच्या वर एक हिरवा ठिपका दिसला, मुगाएवढा. दोन दिवसांत तो लांबला. नवं मूळ. मी ओरडत आत गेले. माय भाकर थापत होती, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली, वाकून बघितलं, आणि पिठाचा हात लागू न देता परत भाकरीकडे गेली.

आषाढ लागला, आखाडी आली. मोठ्या बाबांचं, म्हणजे गावच्या काकांचं पत्र आलं, धानाच्या रोवण्याला माणसं कमी आहेत, इंदूच्या मायला पाठवा. मायनं गाठोडं बांधलं. मी दारात उभी, तोंड सुकलेलं. पैजेचं कोणी काढत नव्हतं. निघताना ती बाबांना म्हणाली, "पोरीची शाळा बुडवू नका." आणि मला, "पांढरं झालं का पानी दे. हिरवं असंल तं हात आवर." बस्स. परत कधी येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

मी पाचवीत बसले. नवी पुस्तकं, नवी बाई, सगळं मनासारखं, आणि मला एक अक्षर गोड लागेना. शाळा मिळाली पण माय गेली, असा सौदा मी मागितला नव्हता. पावसाची झड लागली होती. बांदा मी छपराखाली सरकवला. मुळं दिवसच्या दिवस हिरवी राहायची, पाणी घालायचं कामच उरलं नाही, आणि त्या रिकाम्या लोट्याकडे बघून मला मायची इतकी आठवण यायची की मी तो फडताळात ठेवून दिला. पंधरा दिवस झाले. मग वीस. बाबा परातीत लोट्यानं मिरच्या ठेचायचे, त्यांना ते अजिबात जमायचं नाही. मी तिखट लागलं म्हणून डोळे पुसायची आणि ते खरं मानायचे.

परवा नातीसमोर मी तिच्या ऑर्किडच्या कुंडीतून बर्फ काढून टाकला. तिला म्हटलं, आरपार दिसते ना कुंडी, मग आत बघ. मूळ पांढरं आहे की हिरवं? ती खरंच वाकली, डोळा लावून बघत राहिली, आणि म्हणाली, "आजी, ये तो बदलता है! कावून?" तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तिला सांगायला म्हणून मी हे सगळं आठवायला बसले.

तर, बाविसाव्या दिवशी, शाळेतून येते तो बाबा दुर्गच्या स्टेशनाकडून सायकल ढकलत येताना दिसले. कॅरिअरवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड, सुतळीनं आवळलेलं, आणि त्यावर एक हात ठेवून मागून माय चालत होती. मला वाटलं, तांदूळ असतील. ती अंगणात आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ बांद्यापाशी गेली. नवं मूळ आता बोटभर झालं होतं. ते तिनं अलगद उचलून पाहिलं.

"हिरवं हाये. आज पानी देऊ नको."

मग त्या दोघांनी ते गाठोडं उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि कोपऱ्यात ठेवलं. फरशी हादरली. मायनं सुतळीची गाठ सोडली, लुगडं बाजूला केलं. तिचा पाटा होता, मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि वर आडवा वरवंटा.

कावून अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तो गिळला, आणि टोपलीतून मूठभर हिरव्या मिरच्या घेऊन तिच्यासमोर ठेवल्या.